सनावळी आणि विणकर

प्राचीन इतिहासाच्या परीक्षेची तयारी म्हणजे राजवंश व सनावळ्या यांची घोकंपट्टी, असे समीकरण शाळांतून रूढ झाले आहे. नहपानाचा जावई उषवदात मोठा दानशूर, हे विद्यार्थी पाठ करतो. परंतु त्याने दिलेली ३००० कार्षापणे ठेवली कोणाकडे? नाशिकच्या पांडवलेण्यांतील शिलालेख उत्तर देतो : गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे; २००० दरमहा शेकडा एक व १००० शेकडा पाऊण व्याजाने. पहिल्या ठेवीच्या व्याजातून भिक्षूंना वस्त्रे मिळत. दानाची कीर्ती राजकुळाला लाभली. व्याज मात्र विणकरांच्या श्रमातून निघाले. परीक्षक हा प्रश्न विचारोत वा न विचारोत, कार्यकर्त्यांनी वस्तीतील मुलांना तो अवश्य विचारावा. कष्टकऱ्यांच्या मुलांना इतिहासात आपले पूर्वज भेटलेच पाहिजेत.