मुंबई दूरदर्शनची सायंकाळ कोणी नेली?

उपग्रह वाहिन्या आल्या आणि मुंबई दूरदर्शन मागे पडले, असे सर्रास सांगितले जाते. सनावळी पाहिली तर हे निदान अपुरे ठरते. केबलवरून परदेशी वाहिन्या १९९१ मध्ये आल्या, झी १९९२ मध्ये, तर अल्फा मराठीचा जन्म १९९९ चा. वरळीच्या केंद्राच्या हातून रात्रीची मोक्याची वेळ मात्र १५ ऑगस्ट १९८२ पासूनच निसटू लागली होती आणि ती नेली दिल्लीने.

२ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालेले मुंबई केंद्र हे दिल्लीनंतरचे देशातील दुसरे दूरचित्रवाणी केंद्र. १९७६ पर्यंत त्याचा कारभार आकाशवाणीच्याच छत्राखाली होता. प्रक्षेपणाचे तास मोजके, तंत्र कृष्णधवल आणि साधने तुटपुंजी. तरीही पहिल्या दशकात या केंद्राने जे उभे केले, ते थक्क करणारे आहे. 'गजरा'ने नाट्यप्रवेश व प्रहसने घरात आणली. 'प्रतिभा आणि प्रतिमा'ने साहित्यिकांना बोलते केले. 'किलबिल' मुलांसाठी, 'कामगार विश्व' गिरणगावासाठी, तर 'संताकुकडी' गुजराती भाषकांसाठी. चिं. वि. जोशींचा चिमणराव दिलीप प्रभावळकरांच्या रूपाने आणि गुंड्याभाऊ बाळ कर्वे यांच्या रूपाने घरोघरी पोहोचला. स्मिता पाटील आणि भक्ती बर्वे यांनी येथे बातम्या वाचल्या. पुढे प्रदीप भिडे यांचा आवाज म्हणजेच बातमी, असे समीकरण झाले. २०२२ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा अनेकांना सायंकाळी सातची वेळ आठवली. पुढील आठवड्यात काय दाखवणार, एवढेच सांगणारी 'साप्ताहिकी'सुद्धा लोक आवर्जून पाहत. (आमच्या पिढीला हे सारे ऐकूनच ठाऊक.)

'आमची माती, आमची माणसं'ची गोष्ट वेगळी. कार्यक्रम शेतकऱ्यांसाठी, पण सुरुवातीच्या काळात संच प्रामुख्याने शहरांत. त्यामुळे खतांच्या मात्रा आणि पिकांवरील रोग यांची माहिती दादर-गिरगावच्या चाळींतही तितक्याच निमूटपणे ऐकली गेली. हसण्यावारी नेण्याजोगी ही बाब नाही. शहरी माणसाच्या दिवाणखान्यात शेतकरी रोज येऊन बसत होता.

१९८२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. रंगीत प्रक्षेपण आले, त्याच वर्षी दिल्लीत आशियाई क्रीडा स्पर्धा झाल्या. १९८४ मध्ये देशभर लघुशक्ती प्रक्षेपकांचा धडाका लागला. दूरचित्रवाणी गावोगावी पोहोचली हे खरेच. पण हे प्रक्षेपक इन्सॅट उपग्रहावरून दिल्लीचे कार्यक्रम घेत. परिणामी राज्याच्या कितीतरी भागांत छोट्या पडद्याची पहिली ओळख मराठीतून नव्हे, तर हिंदीतून झाली. 'हम लोग' तेथे 'गजरा'च्या आधी पोहोचले. मालिका चांगल्या होत्या, याबद्दल वाद नाही. परंतु रात्रीचा मोठा प्रेक्षक आणि त्यामागून येणारा जाहिरातींचा पैसा, दोन्ही राष्ट्रीय प्रसारणाकडे वळले. मुंबई केंद्राच्या वाट्याला उरली ती सायंकाळची आधीची वेळ.

मराठीसाठी स्वतंत्र उपग्रह वाहिनी मिळायला १९९४ उजाडावे लागले. तिला 'सह्याद्री' हे नाव मिळाले २००० मध्ये. म्हणजे खासगी मराठी वाहिनी दारात येऊन उभी राहिल्यावर. राज्यभर मराठी मालिका रात्री पाहण्याची सवय लावण्याची संधी वरळीकडे सर्वात आधी होती. प्रसारभारती कायदा १९९० मध्ये संमत होऊनही तो अमलात आला १९९७ मध्ये, आणि स्वायत्ततेनंतरही खर्चाच्या चाव्या दिल्लीतच राहिल्या. ज्या केंद्राने निर्माते घडवले, त्यातील विनय आपटेंसारखे कलावंत पुढे खासगी मालिकाविश्वात रमले, यात नवल ते काय?

आणखी एक हानी फारशी मोजली जात नाही. आरंभीचे कित्येक कार्यक्रम थेट सादर होत, त्यांचा मागमूसही उरला नाही. ध्वनिचित्रफिती महाग असल्याने त्या पुसून पुन्हा वापरण्याची पद्धत होती. जुन्या कलावंतांवर लघुपट करायला निघालेल्या प्रत्येकाला या पोकळीशी गाठ पडते. सह्याद्री आज मोफत डिश सेवेवर आणि यूट्यूबवर दिसते. तेथे जपलेले जुने भाग पाहणाऱ्यांना पुसलेल्या भागांची यादी मात्र कुठेच सापडत नाही.