भूल कोणी दिली?

ओळखीत कोणाची बायपास झाली की आपला पहिला प्रश्न ठरलेला, "सर्जन कोण?" भूल कोणी दिली, हे विचारणारा माणूस मला अजून भेटायचाय.

'भूल' हा शब्दही बिचारा. चूक म्हणजे भूल, मोहिनी म्हणजेही भूल आणि ऑपरेशनच्या आधी देतात तीही भूलच. (मराठीच्या बाईंची खोड, जात नाही!)

एक इंजेक्शन टोचलं, माणूस झोपला, की भूलतज्ज्ञ मोकळा, असं आपल्याला वाटतं. हृदयाच्या ऑपरेशनमध्ये तसं अजिबात नसतं. तिथे बहुधा दोन वाटांनी भूल देतात. शिरेतून प्रोपोफॉल, फेंटॅनिल वगैरे, आणि श्वासावाटे आयसोफ्लुरेन किंवा सेव्होफ्लुरेनची वाफ. दोन कशाला? एकावरच भागवायचं तर त्याची मात्रा वाढवावी लागते. प्रोपोफॉल जास्त झालं की रक्तदाब घसरतो, वाफ जास्त झाली तरी घसरतो. फेंटॅनिलच्या मोठ्या डोसाने हृदय स्थिर राहतं, पण व्हेंटिलेटर लवकर सुटत नाही आणि आत कुठेतरी जाग राहायची भीती. म्हणून थोडं हे, थोडं ते.

खरी गंमत पुढेच आहे. हार्ट-लंग मशीनवर घेतलं की रक्त यंत्रातून फिरतं, फुप्फुसांचं काम थांबतं. मग श्वासातली वाफ जाणार कशी? तर ती यंत्राच्या ऑक्सिजनेटरमध्ये सोडतात, नाहीतर तेवढा वेळ शिरेतल्या औषधावर निभावतात. हे कळलं तेव्हा मी चाटच पडले.

वाफेमुळे हृदयाला संरक्षण मिळतं अशी बरीच वर्षं आशा होती. २०१९ साली १३ देशांतल्या ५४०० बायपास रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. वाफेचा वापर केलेल्यांत वर्षभरात २.८ टक्के दगावले, नुसत्या शिरेतल्या औषधांवर ३ टक्के. म्हणजे फरक नाहीच म्हणायचा. तेव्हा नेटवर वाचून "आमच्या बाबांना अमुकच भूल द्या" म्हणून डॉक्टरांशी वाद घालण्यात अर्थ नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. ते त्यांच्यावर सोडावं.

आपल्या हातात आहे ते वेगळंच. आदल्या दिवशी भूलतज्ज्ञ येऊन प्रश्न विचारतात. तंबाखू? दारू? कोणती औषधं, काढे? आधीच्या भुलीचा त्रास, तुम्हाला किंवा रक्ताच्या नात्यात? हलणारा दात? आणि खाटेभोवती मुलगा, सून, नातवंडं कोंडाळं करून उभी! आमच्या पिढीतला रोज रात्री घेणारा माणूस सुनेसमोर "कधीतरी, लग्नाकार्यात" असंच सांगणार. पण त्या रोजच्या घेण्याने भुलीची मात्रा बदलू शकते, ऑपरेशननंतर दारू अचानक तुटल्याने भ्रमही होऊ शकतो. हे डॉक्टरांना आधी कळायला नको?

हॉस्पिटलांनीच हे प्रश्न एकांतात विचारायचा नियम करावा. तोवर आपल्या घरातलं एक ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे, ती मुलं हे वाचतीलच. बाळांनो, भूलतज्ज्ञ आले की त्यांचं नाव विचारा, नमस्कार करा आणि सगळेच्या सगळे खाली चहाला जा.