प्रश्न उद्भवत नाही



गोदीत जहाज लागलं की माल उतरताना एक माणूस हातात पॅड घेऊन उभा असतो. त्याला टॅली क्लार्क म्हणतात. क्रेनने एक झोळी खाली ठेवली की हा कागदावर रेघ मारतो. चार उभ्या, पाचवी आडवी. जहाजाचा हिशेब वेगळा, शेडचा वेगळा, आणि पाळी सुटताना दोन्ही जुळावे लागतात. एक पोतं कमी भरलं तरी बोंबाबोंब होते आणि साहेबाची पहिली नजर आमच्या टोळीवर येते. का, तर आम्ही हमाल. आमची जात आणि आमची भूक दोन्ही त्याला ठाऊक.

एका पोत्यासाठी एवढी टॅली. आणि या राज्याच्या विधिमंडळात मंत्री उभे राहून जी वचनं उतरवतात, जे ठराव पास होतात, जो पैसा आपल्या नावावर दाखवला जातो, त्याची टॅली कोण ठेवतो? माझा लेख एवढ्याच प्रश्नाचा आहे. मी मॅट्रिक झालेला माणूस आहे, घटनापंडित नाही. पण मोजता मला येतं.

माझी बहीण कॉलेजात आहे. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेली ती पहिली. दोन वर्षं तिची शिष्यवृत्ती आली नाही. कॉलेजने मार्कशीट अडवून ठेवली. आई म्हणाली, आमदाराकडे जा. गेलो. अर्ज दिला. तो म्हणाला, अधिवेशनात प्रश्न लावतो. तेव्हापासून मी विधानसभेच्या छापील प्रश्नोत्तरांच्या याद्या वाचायला लागलो. त्यांचा एक साचा आहे. 'हे खरे आहे काय?' उत्तर, 'हे अंशतः खरे आहे.' 'असल्यास, कोणती कार्यवाही केली?' उत्तर, 'कार्यवाही सुरू आहे.' 'नसल्यास, विलंबाची कारणे काय?' उत्तर, 'प्रश्न उद्भवत नाही.'

पोरीची मार्कशीट कपाटात कुलूपबंद, आणि प्रश्न उद्भवत नाही! च्यायला, इतकी वर्षं आपण कवितेत शिव्या घातल्या, पण इतकी थंड शिवी आपल्यातल्या एकालाही सुचली नाही.

आता आपले काही दोस्त म्हणतील, विधानसभा म्हणजे भंकस. भांडवलदारांचं आणि साखरसम्राटांचं दुकान. आपली लढाई रस्त्यावर. मीही हेच बोलत होतो. पण इतिहास उघडून बघा. ४ ऑगस्ट १९२३ ला मुंबईच्या कायदे कौन्सिलात सी. के. बोल्यांचा ठराव पास झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये त्याला मान डोलावली. पण पाणी? ते कागदावरच राहिलं. ५ ऑगस्ट १९२६ ला बोल्यांना पुन्हा उभं राहावं लागलं, की जी नगरपालिका ठराव पाळणार नाही तिची सरकारी ग्रँट बंद करा. तरी तळं बंदच. शेवटी २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना हजारो माणसं घेऊन चवदार तळ्यावर जावं लागलं. आणि तोच माणूस त्याच १९२७ साली मुंबईच्या कौन्सिलात सभासद म्हणून बसत होता! १७ सप्टेंबर १९३७ ला त्यांनी खोती नष्ट करण्याचं बिल सभागृहात मांडलं आणि जानेवारी १९३८ मध्ये कोकणातल्या कुळांचा मोर्चा त्याच सभागृहावर आणला. बाबासाहेबांनी दोन्ही हातांनी काम केलं. आपण एक हात खिशात घालून बसलोय.

दुसरी टॅली घ्या. २७ जुलै १९७८. दोन्ही सभागृहांनी एकमताने ठराव केला की मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यायचं. एकमताने! एकानेही हात आखडला नाही. मग मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटल्या, माणसं मेली, बायांची अब्रू गेली. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला. ठरावापासून अंमलापर्यंत साडेपंधरा वर्षं, आणि तेही अर्धं नाव जुनंच ठेवून. ज्या सभागृहाने ठराव केला त्याने स्वतःच्या ठरावाचं काय झालं हे विचारण्यासाठी स्वतःला कधी बांधून घेतलं नाही. विचारलं ते रस्त्यावरच्या पोरांनी, डोकी फोडून घेऊन.

आता आजचं बोला. घटनेचं १७४ वं कलम म्हणतं, दोन अधिवेशनांत सहा महिन्यांहून जास्त अंतर नको. बस, एवढंच. किती दिवस बसायचं ते लिहिलेलं नाही. राज्यपाल बोलावतात ते मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने. म्हणजे ज्याची हजेरी घ्यायची त्यानेच ठरवायचं, हजेरी कधी आणि किती वेळ. आमच्या मुकादमाला ही सवलत मिळाली तर तो वर्षातून एकदा गोदीत येईल आणि चहा पिऊन जाईल.

नागपूरचंच बघा. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात लिहिलं की वर्षातलं एक अधिवेशन नागपुरात होईल. १६ ते २१ डिसेंबर २०२४, सहा दिवसांचं अधिवेशन झालं. मंत्र्यांचा शपथविधी १५ ला, आणि खातेवाटप २१ ला, अधिवेशन उठल्यावर. म्हणजे सहा दिवस सभागृहात मंत्री होते, पण कोणत्या मंत्र्याला कोणत्या खात्याबद्दल धरायचं ते कुणाला ठाऊक नव्हतं. विधानसभेत विरोधी पक्षनेताही नव्हता. टोळी आली, टॅली क्लार्क नाही, आणि जहाज रिकामं करून मोकळे!

आणि त्याच आठवड्यात काय चाललं होतं? १० डिसेंबरला परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्यापुढच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. पोलिसांनी आपलीच पोरं उचलली. १५ डिसेंबरला वडार समाजातला, कायदा शिकणारा एक तरुण न्यायालयीन कोठडीत मेला. सभागृहात सरकारने सांगितलं, मारहाण झालेली नाही. सभागृहाने ऐकलं आणि सभागृह उठलं. पण त्याची आई उठून घरी गेली नाही. ती कोर्टात गेली. ४ जुलै २०२५ ला उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने पोलिसांवर गुन्हा नोंदवायला सांगितलं. सरकार सुप्रीम कोर्टात धावलं, तिथे ३० जुलैला त्याचं अपील फेटाळलं गेलं.

मला सांगा, सभागृहात बोललेला शब्द तपासायचं काम एका आईवर का यावं? दोन्ही सभागृहं मिळून साडेतीनशेहून जास्त माणसं तिथे बसतात. त्यांत २९ विधानसभेच्या अनुसूचित जातींच्या राखीव जागांवरची. त्यांच्या गळ्यात पक्षाचा पट्टा आहे हे मला कळतं. पण पट्टा असलेल्या माणसालाही तोंड उघडता येईल अशी जागा लागते, आणि ती जागा म्हणजे समित्या. लोकलेखा समिती आहे, अंदाज समिती आहे, आश्वासन समिती आहे, अनुसूचित जाती कल्याण समिती आहे. पण त्यांच्या बैठका बंद दाराआड. अहवाल आला तर आला, त्यावर सभागृहात चर्चा क्वचित. कॅगचा अहवाल बहुतेक वेळा अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी टेबलावर पडतो, तेव्हा आमदारांच्या बॅगा भरलेल्या असतात. आणि बजेटच्या मागण्या? ठरलेले दिवस संपले की उरलेल्या सगळ्या एका दमात मताला टाकतात. कोट्यवधी रुपये 'होय'च्या एका आवाजात.

२०२५ मध्ये सामाजिक न्याय खात्याचा निधी 'लाडकी बहीण' योजनेकडे वळवला म्हणून त्या खात्याचा मंत्रीच जाहीरपणे ओरडला. त्या योजनेचे पैसे आपल्या आयाबहिणींनाही मिळतात, त्याला माझा विरोध नाही. पण आमच्या पोरांच्या वसतिगृहाच्या खिशातून का? आंध्र प्रदेश आणि कर्नाटक यांनी २०१३ मध्ये हा निधी राखण्यासाठी कायदे केले. फुले-शाहू-आंबेडकरांचं नाव दर भाषणात तीनदा घेणाऱ्या महाराष्ट्रात आपण त्यासाठी मोर्चेच काढत राहिलो.

मोर्च्याचीही एक गोष्ट विसरू नका. २३ नोव्हेंबर १९९४. नागपुरात अधिवेशन. गोवारी समाजाचा मोर्चा विधानभवनाकडे आला आणि रस्त्यात अडवला गेला. आपलं कुणीतरी ऐकेल म्हणून बायका पोरं कडेवर घेऊन थांबली होती. लाठी चालली, चेंगराचेंगरी झाली. ११४ मेली. वर्षातले चार दिवस सरकार दारात येणार म्हटल्यावर विदर्भातला सगळा गरीब त्या चार दिवसांत त्या एका रस्त्यावर गोळा होतो. दिवस वाढवा, ऐकायची जागा करा, तर एवढी गर्दी एका दिवशी एका बॅरिकेडवर कशाला येईल?

म्हणून आपल्या मागण्या मी सरळ मांडतो.

एक. वर्षाच्या सुरुवातीला अधिवेशनांचं वेळापत्रक जाहीर करा. वेंकटचलय्या आयोगाने २००२ मध्ये मोठ्या राज्यांच्या विधानसभांसाठी वर्षाला किमान ९० दिवस सांगितले. तेवढे बसा. नागपुरात चार आठवडे तरी. आणि मोर्च्याला ठरलेल्या वेळी मंत्री समोर आलाच पाहिजे.

दोन. प्रत्येक खात्याच्या मागण्या मतदानाआधी समितीपुढे जाव्यात. केरळात १९८० पासून विषय समित्या हे काम करतात. आपल्याकडे ते उघड्या दाराने व्हावं. ज्या पोराची शिष्यवृत्ती अडली त्याने तिथे बसून बोलावं, सचिवाने उत्तर द्यावं.

तीन. कॅगचा अहवाल अधिवेशनाच्या पहिल्या आठवड्यात ठेवा आणि त्यावर चर्चा करा. आपल्या निधीला हात लावायचा तर आधी सभागृहात तोंड दाखवा.

चार. सभागृहात दिलेल्या प्रत्येक आश्वासनाची टॅली साध्या मराठीत छापा. तारीख, मंत्री, काय बोलला, काय झालं. जे खोटं ठरलं ते पुढच्या अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी त्याच मंत्र्याने त्याच सभागृहात दुरुस्त करावं. घटनेच्या १८७ व्या कलमाने विधिमंडळाला स्वतंत्र सचिवालय दिलंय ते मंत्रालयाची झेरॉक्स मारायला नाही. पहिल्यांदा निवडून आलेल्या, इंग्रजी न येणाऱ्या आमदाराला बजेटच्या गोणीभर पुस्तकांतून वाट काढून देणारी माणसं त्यात हवीत.

हे कुणी ताटात वाढणार नाही. म्हणून पाचवी गोष्ट मागणी नाही, काम आहे. येत्या अधिवेशनापासून प्रत्येक वस्तीत एक वही घाला. कॉलेजातल्या पोरांनी कामकाज वाचायचं, आपल्या वस्तीबद्दल, आपल्या खात्याबद्दल जे बोललं जाईल ते तारखेसकट उतरवायचं. सहा महिन्यांनी आमदार वस्तीत हार घालून घ्यायला आला की हाराआधी वही पुढे करायची. वाच म्हणायचं. मोठ्याने वाच.

आमच्या वस्तीतली वही माझ्या बहिणीने सुरू केलीय. पहिल्या पानावर तिने स्वतःचाच प्रश्न लिहिलाय, उत्तराची जागा कोरी ठेवलीय, आणि खाली एक उभी रेघ मारलीय.