हिशेब मागण्यात अब्रू जात नाही

‘माणूस वाचला ना, मग पैशाचं काय घेऊन बसलात?’ रुग्णालयाच्या बिलिंग काउंटरसमोर उभ्या असलेल्या नातेवाइकाला हे वाक्य ऐकावं लागतंच. म्हणणारी माणसं वाईट नसतात. मामा असतो, शेजारचे काका असतात, ऑफिसातला सहकारी असतो. त्यांच्या मनातला नियम साधा आहे. जीव वाचवणाऱ्याशी घासाघीस करू नये आणि दवाखान्याचं देणं थकवू नये. हातात पैसे नसतील तर पाटल्या मोडाव्यात, व्याजाने रक्कम उचलावी, पण चारचौघांत शोभा होऊ देऊ नये. या नियमाला माझा विरोध आहे. सांगणाऱ्यांच्या सद्भावनेबद्दल मला शंका नाही, पण त्यांच्या सल्ल्यामुळे आजारातून वाचलेलं घर कर्जात बुडताना मी पाहतो आणि मग गप्प राहणं मला जमत नाही.

आधी घासाघिशीचं बघू. बिलावर बोलणी करणं रुग्णालयाला अपमानास्पद वाटत असतं, तर त्याने ती विमा कंपन्यांशीही केली नसती. प्रत्यक्षात प्रत्येक मोठं रुग्णालय विमा कंपन्यांशी, विमा दावे हाताळणाऱ्या मध्यस्थ कंपन्यांशी (टीपीए), कारखान्यांशी आणि सरकारी योजनांशी दर ठरवून घेतं. पित्ताशयाच्या एकाच शस्त्रक्रियेला विमा कंपनीसाठी एक दर असतो आणि सरकारी योजनेसाठी दुसरा. विमा नसलेला, रोख भरणारा माणूस मात्र छापील दर मुकाट्याने भरतो. वर खोलीचा वर्ग बदलला की डॉक्टरांच्या त्याच भेटीची आणि त्याच शस्त्रक्रियेची फी बदलते. जो दर माणसागणिक आणि खोलीगणिक बदलतो, तो कमी होईल का असं विचारण्यात असभ्य काय आहे? ज्याची ऐपत सर्वांत कमी, त्याच्याच तोंडाला आपण मर्यादेचं कुलूप लावलं आहे.

‘पण बिल खोटं थोडंच असतं?’ असं यावर विचारलं जातं. मुद्दाम खोटं नसेल, पण ते तपासल्याशिवाय खरं मानण्याचं कारणही नाही. राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने २०१८ साली दिल्ली परिसरातल्या चार मोठ्या खासगी रुग्णालयांची बिलं तपासली, तेव्हा काही वस्तूंवरचा नफा १,७३७ टक्क्यांपर्यंत गेल्याचं दिसलं. सलाइनच्या नळीला जोडायची एक तोटी सहा रुपयांच्या आत खरेदी झाली होती आणि रुग्णाकडून तिचे १०६ रुपये घेतले होते. हृदयात बसवायच्या स्टेंटच्या किमतीवर फेब्रुवारी २०१७मध्ये मर्यादा आली, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांवरही आली. हातमोजे, सिरिंज, कॅथेटर या किरकोळ दिसणाऱ्या गोष्टींना मात्र छापील किमतीपलीकडे फारसा लगाम नाही आणि बिल फुगतं ते तिथेच.

करोनाच्या काळातला अनुभव तर आपल्या राज्याचाच आहे. मे २०२०मध्ये राज्य सरकारने खासगी रुग्णालयांच्या दरांवर कमाल मर्यादा घातली. साध्या विलगीकरण कक्षाला दिवसाला ४,००० रुपये, अतिदक्षता विभागाला ७,५०० आणि व्हेंटिलेटर असेल तर ९,००० रुपये असे ते दर होते. पुणे, नाशिक, नागपूर अशा शहरांत लेखापरीक्षक नेमले गेले. त्यांनी बिलं तपासली, रकमा उतरवल्या, काही कुटुंबांना भरलेले पैसे परतही मिळवून दिले. रुग्णालयं तीच होती, डॉक्टरही तेच होते. फरक एवढाच की कोणीतरी अधिकाराने बिल उघडून बघत होतं.

म्हणून पहिली मागणी तपशीलवार बिलाची करायची. एका ओळीत ‘औषधे व साहित्य : ६२,४००’ असं लिहिलेला कागद हातात पडला, तर त्याला बिल मानू नये. भरती झाल्याचा आणि घरी सोडल्याचा असे दोन्ही दिवस पूर्ण धरले आहेत का ते पाहावं. अतिदक्षतेतून वॉर्डात हलवलं त्या दिवशी दोन्हीकडचं भाडं लागलं का, न वापरलेली औषधं मेडिकलमध्ये परत केली ती वजा झाली का, डॉक्टरांच्या भेटी केसपेपरवरच्या नोंदींशी जुळतात का, हेही पाहावं. हे सगळं शांत आवाजात विचारता येतं. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या पुढाकाराने तयार झालेल्या रुग्णहक्क सनदेत तपशीलवार बिलाचा हक्क आहे, औषधं कुठून घ्यायची ते ठरवण्याचाही आहे. महाराष्ट्राच्या शुश्रूषागृह नोंदणी नियमांत जानेवारी २०२१मध्ये जी दुरुस्ती झाली, तिने ही सनद आणि प्रमुख सेवांचे दर रुग्णालयात लावणं बंधनकारक केलं आहे. भिंतीवर तो फलक दिसला नाही तर तो कुठे आहे हेही विचारावं.

पैसे भरेपर्यंत रुग्णाला सोडणार नाही, ही धमकी बेकायदा आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१७ साली हे स्पष्ट शब्दांत सांगितलं आहे. मृतदेह अडवून ठेवणं तर आपल्या राज्याच्या नियमांतही निषिद्ध आहे. थकबाकी वसूल करायला दिवाणी न्यायालय आहे, त्यासाठी माणूस ओलीस ठेवता येत नाही.

आता डॉक्टरांची बाजू. तालुक्याच्या गावात पंधरा-वीस खाटांचं रुग्णालय चालवणाऱ्या सर्जनने बँकेचं कर्ज काढलेलं असतं, भूलतज्ज्ञाला त्याच दिवशी पैसे द्यावे लागतात, रात्रपाळीच्या परिचारिका मिळत नाहीत. त्याने केलेल्या कामाचा मोबदला बुडवावा असं मी मुळीच म्हणत नाही. ‘भरूच नका, काय करतील?’ असा सल्ला देणाराही मला मामांइतकाच घातक वाटतो, कारण पुढच्या रुग्णाकडे अनामत मागितली जाते ती याच बुडवेगिरीच्या भीतीने. आणि काचा फोडणाऱ्या, डॉक्टरांच्या अंगावर जाणाऱ्या जमावाबद्दल तर बोलायलाच नको. महाराष्ट्रात २०१०पासून त्याविरुद्ध स्वतंत्र कायदा आहे आणि तो कडकपणे वापरला जावा. मी मागतो तो हिशेब, आणि पैसे फेडायला मुदत. प्रामाणिक डॉक्टराला दोन्हींचं भय वाटायचं कारण नाही.

नेत्याचा फोन ही आपल्याकडची आणखी एक वाट. नगरसेवकाला गाठायचं, आमदाराच्या स्वीय सहायकाकडून फोन करवायचा, मग पंधरा-वीस हजार कमी होतात. हे चालतं म्हणून लोक ते करतात, त्यांना मी दोष देत नाही. पण यात हक्काची गोष्ट उपकार होऊन बसते आणि ज्याची ओळख नाही तो मागे राहतो. खरं तर राज्यातल्या धर्मादाय रुग्णालयांना सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाचं कलम ४१ कक लागू आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००६मध्ये मान्य केलेल्या योजनेनुसार दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी दहा टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात ठेवाव्या लागतात. त्यासाठी एकूण बिलांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जाते. उत्पन्नाची मर्यादा आता मोफत उपचारांसाठी वर्षाला १ लाख ८० हजार आणि सवलतीसाठी ३ लाख ६० हजार आहे. तातडीच्या रुग्णाकडे अनामत मागायची नाही, हेही त्याच योजनेत आहे. २०२५ साली पुण्यात एका गर्भवतीच्या मृत्यूनंतर अनामतीवरून राज्यभर संताप उसळला, पण त्या दिवशी लागू असलेला नियम नवा नव्हता, जवळपास वीस वर्षांचा जुना होता. रुग्णालयातल्या समाजसेवकाला भेटा, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणि शिधापत्रिका पुढे ठेवा, नकार मिळाला तर तो लेखी मागा आणि धर्मादाय आयुक्तांच्या जिल्ह्यातल्या कार्यालयात द्या. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य या सरकारी योजनेखालचे उपचारही असेच हक्काचे आहेत. तिचं संरक्षण कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत गेलं आहे आणि पांढऱ्या शिधापत्रिकेची कुटुंबंही तिच्यात आली आहेत. पण रुग्णालयातल्या योजनेच्या प्रतिनिधीकडे, म्हणजे आरोग्यमित्राकडे, नोंद रुग्ण भरती असतानाच व्हायला हवी. घरी आल्यावर आठवण झाली तर हाती काही लागत नाही. विमा कंपनीने दावा कापला किंवा नाकारला, तर विमा लोकपालाकडे जाता येतं, तिथे फी नाही आणि वकीलही लागत नाही.

या सगळ्यातून पार होऊनही रक्कम उरतेच, आणि खरा घात पुढे होतो. ‘आधी दवाखान्याचं मिटवा, बाकी मग बघू’ असं म्हणत घर सर्वांत सौम्य देणं सर्वांत क्रूर कर्जात बदलून टाकतं. थकलेल्या बिलावर सहसा दरमहा व्याज चढत नाही, त्यापायी कोणाचं घर वा सोनं गहाण पडलेलं नसतं. ते मिटवायला गावातल्या कोणाकडून शेकडा पाचने दीड लाख उचलले की महिन्याला साडेसात हजार नुसतं व्याज जातं. वीस महिन्यांत दीड लाख व्याज देऊन होतं आणि मुद्दल जागच्या जागी असतं. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ खाली परवानाधारक सावकाराला शेतकरी नसलेल्या माणसाकडून विनातारण कर्जावर वर्षाला १८ टक्के, म्हणजे महिन्याला दीड टक्काच घेता येतो, तारण असेल तर वर्षाला १५ टक्के. शेतकऱ्यासाठी दर याहून कमी आहेत. दामदुपटीचं जुनं तत्त्वही या कायद्यात आहे, व्याज मुद्दलापेक्षा जास्त वसूल करता येत नाही. शेकडा पाचने देणारा बहुधा बिनपरवान्याचाच असतो, आणि त्याची तक्रार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे करता येते. पण तक्रारीची ही वाट धरायला जे धैर्य लागतं, त्याच्या निम्म्या धैर्यात रुग्णालयाकडे हप्ते मागता आले असते.

सोनं गहाण ठेवून बँकेचं कर्ज घेणं सावकारापेक्षा नक्कीच बरं. तरी ते सोनं बहुतेक घरांत बाईचं एकमेव स्वतःचं धन असतं आणि हप्ते थकले तर लिलावात जातं. तिला न विचारता पाटल्या काढून नेणारा मुलगा किंवा नवरा स्वतःला कर्तव्यदक्ष समजतो, हे मला अजिबात मान्य नाही. क्रेडिट कार्डावर बाकी ठेवली तर वर्षाला चाळीस टक्क्यांच्या आसपास व्याज बसतं. मोबाइलवरच्या झटपट कर्जाच्या ॲपबद्दल तर एवढंच सांगतो की आजारपणाच्या घाईत त्यांच्या वाटेला जाऊ नका.

रुग्णालयं हप्ते देत नाहीत, असं म्हणतात. तोंडी विचारलं तर काउंटरवरचा मुलगा नाहीच म्हणणार, त्याच्या हातात काही नसतं. अर्ज व्यवस्थापकाच्या नावे लिहावा. वादाच्या रकमा वेगळ्या दाखवाव्यात, मान्य असलेल्या रकमेतला जमेल तेवढा भाग लगेच भरून पावती घ्यावी, उरलेल्यासाठी महिन्याला खरोखर जमेल असाच आकडा द्यावा. पाच हजार कबूल करून तिसऱ्या महिन्यात चुकण्यापेक्षा दोन हजार कबूल करून पाळावेत. एकरकमी काही देता येत असेल तर त्या बदल्यात किती सोडाल ते विचारावं, आणि मान्य झालं तर ‘यापुढे काही बाकी नाही’ असा कागद घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. एक गोष्ट मात्र अजिबात करू नये, पुढच्या तारखांचे धनादेश देणं. खात्यात पैसे नसताना धनादेश परत गेला तर परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ खाली फौजदारी खटला उभा राहतो. जे देणं साधं दिवाणी होतं, ते आपण आपल्या सहीने गुन्ह्याच्या पायरीवर नेऊन ठेवतो.

आणि घरात बोलावं. बापाला टेन्शन नको म्हणून मुलगा कर्ज लपवतो, बायकोला कळू नये म्हणून नवरा लपवतो, आणि प्रत्येक जण एकेका नव्या उसनवारीने ती लपवाछपवी चालू ठेवतो. एका वहीत सगळी देणी लिहिली की क्रम आपोआप लागतो. किराणा, वीज आणि मुलांची फी आधी. मग ज्या कर्जामागे घर किंवा सोनं आहे त्याचे हप्ते. चढं व्याज असलेलं कर्ज त्यानंतर, आणि बिनव्याजी थकबाकी शेवटी, पण दरमहा न चुकता. बँकेचा हप्ता चुकणार असं दिसताच, चुकण्याआधी, शाखेत जाऊन मुदत वाढवून मागावी. वसुली एजंटाने सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. रात्री येणाऱ्या फोनची तारीख आणि वेळ वहीतच टिपून ठेवावी, पुढे रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करताना ती नोंद उपयोगी पडते.

मी इथे एकेका घराने काय करावं ते सांगितलं, पण एवढा भार एकेका घरावर टाकणं न्याय्य नाही. ज्याच्या आईला आज अतिदक्षता विभागात ठेवलं आहे, त्याने कलमं पाठ करून काउंटरवर उभं राहावं अशी अपेक्षा कोणी कशी करावी? करोनाच्या साथीत जिल्ह्याजिल्ह्यात लेखापरीक्षक बसवता आले, म्हणजे ते शक्य होतं. साथ ओसरली तसं ते काम थांबलं. प्रत्येक जिल्ह्यात बिल तपासणीचा कायमचा कक्ष हवा. तो जिल्हाधिकाऱ्यांच्या अखत्यारीत असावा, त्यात एक लेखापरीक्षक, एक डॉक्टर आणि रुग्णांचा एक प्रतिनिधी असावा, आणि त्याने ठरावीक दिवसांत निर्णय द्यावा. तोपर्यंत वादातल्या रकमेसाठी रुग्णालयाने वसुली करू नये. विधिमंडळाच्या पुढच्या अधिवेशनात हा प्रश्न कोणीतरी विचारावा म्हणून मी माझ्या मतदारसंघाच्या आमदारांना पत्र लिहिलं आहे. वाचकांनीही आपापल्या आमदारांना लिहावं आणि पत्रासोबत घरातल्या एका बिलाची प्रत जोडावी, नाव व पत्ता झाकून.