शाळेचा व्हॉट्सॲप ग्रुप : निरोपाची वही की शिकण्याची जागा?

नोव्हेंबर २०२४ मध्ये केरळच्या शिक्षण विभागाने अकरावी-बारावीच्या शिक्षकांना एक सूचना दिली. अभ्यासाच्या नोट्स व्हॉट्सॲपसारख्या माध्यमांतून पाठवणं थांबवा, अशी ती सूचना होती. त्याआधी पालकांच्या तक्रारी तिथल्या बालहक्क आयोगापर्यंत पोचल्या होत्या. कोविडच्या काळात लागलेली सवय वर्ग नेहमीसारखे भरू लागल्यावरही सुटली नव्हती. नोट्स मोबाइलवर येणार, प्रिंटचा खर्च घरावर पडणार आणि वर्गात बसून समजून घेण्याचा भाग मागे राहणार, असं चाललं होतं.

बातमी केरळची आहे, पण चित्र आपल्या ओळखीचं आहे. माझ्या फोनमध्ये आज मुलीच्या शाळेचे तीन ग्रुप आहेत : वर्गाचा, स्कूलबसचा आणि पालकांनी पालकांसाठी काढलेला. माझा मावसभाऊ जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. तो गृहपाठ संध्याकाळी सात-साडेसातनंतरच टाकतो. कारण विचारलं तर म्हणाला, "अरे, फोन बापाच्या खिशात असतो. बाप रानातून घरी आल्याशिवाय पोरांना दिसणार कसं?"

मोबाइलवरच्या शिक्षणाबद्दल बोलताना आपण ॲप, एआय, व्हिडिओ असं खूप काही बोलतो. पण प्रत्यक्षात देशातलं सगळ्यात जास्त वापरलं जाणारं 'शैक्षणिक ॲप' कुठलं असेल, तर ते बहुधा हेच साधं चॅट ॲप आहे. म्हणून आज जरा शांतपणे बघू या, की हा ग्रुप नेमका कशासाठी बनलाय, कशासाठी नाही आणि मुलांनी मिळून काम करावं असं वाटत असेल तर काय वापरावं.

आकडे काय सांगतात

'प्रथम' संस्थेच्या 'असर' अहवालांमधून ग्रामीण भारताचं चित्र दिसतं. २०१८ मध्ये शाळकरी मुलांच्या सुमारे ३६ टक्के घरांत स्मार्टफोन होता. २०२२ पर्यंत हे प्रमाण जवळपास ७५ टक्क्यांवर गेलं. चार वर्षांत दुप्पट! कोविडने हा बदल किती वेगाने घडवला ते यावरून कळतं. २०२० च्या फोनवरून केलेल्या पाहणीत, ज्या मुलांपर्यंत शाळेकडून काही अभ्यास पोचला त्यांच्यापर्यंत तो मुख्यतः व्हॉट्सॲपनेच पोचला होता. पण पाहणीच्या आठवड्यात असा अभ्यास मिळालेली मुलं होती साधारण एक तृतीयांश. बाकीच्यांपर्यंत काहीच पोचलं नव्हतं.

दुसरा आकडा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. २०२३ च्या 'असर'मध्ये १४ ते १८ वयाच्या मुलामुलींना विचारलं होतं. स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी ४३.७ टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता. मुलींमध्ये हे प्रमाण होतं १९.८ टक्के. म्हणजे 'घरात फोन आहे' आणि 'मुलीच्या हातात फोन आहे' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिक्षक ग्रुपवर काही टाकतात तेव्हा ते पोचतं फोनपर्यंत. फोनपासून मुलीपर्यंतचं अंतर घरातली माणसं ठरवतात.

तिसरा आकडा २०२४ चा आहे. १४ ते १६ वयाच्या, फोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी ५७ टक्क्यांनी आधीच्या आठवड्यात अभ्यासासाठी काहीतरी केलं होतं. सोशल मीडिया वापरलेले होते ७६ टक्के. यात धक्का बसण्यासारखं काही नाही, मोठ्यांचं तरी वेगळं काय आहे? पण अभ्यासाचा निरोप आणि रील्स एकाच पडद्यावर, एकाच वेळी मुलाचं लक्ष ओढत असतात, हे शाळेने गृहीत धरायला हवं.

ग्रुप आतून कसा चालतो

चॅट ग्रुप म्हणजे वाहता प्रवाह. तुम्ही मेसेज टाकला की तो सर्व्हरकडे जातो आणि सर्व्हर त्याची प्रत प्रत्येक सदस्याच्या फोनवर पाठवतो. नवा मेसेज आला की जुना वर सरकतो. याला विषय नाहीत, धडे नाहीत, 'जमा झालं / बाकी आहे' असा हिशोब नाही. मध्येच ग्रुपमध्ये आलेल्याला आधीचं आपोआप दिसत नाही. गणिताची पीडीएफ आणि 'गुड मॉर्निंग'चं गुलाबाचं फूल, दोन्हींची किंमत व्हॉट्सॲपच्या दृष्टीने सारखीच.

आता एक छोटा हिशोब करू. समजा वर्गात ४० मुलं आहेत आणि बाईंनी सांगितलं, 'गृहपाठाचे फोटो ग्रुपवर टाका.' प्रत्येकाने रोज दोन फोटो टाकले तर झाले ८०. एक फोटो सुमारे २०० केबीचा धरला तरी दिवसाला १६ एमबी आणि शाळेच्या २२ दिवसांत ३५० एमबी. तेही प्रत्येक पालकाच्या फोनवर! ज्याचा फोन आधीच 'स्टोरेज फुल' म्हणून ओरडतोय, तो काय करणार? ऑटो-डाउनलोड बंद करणार, मग म्यूट करणार, आणि शेवटी परीक्षेची तारीख बदलल्याचा निरोपही त्या म्यूटमध्ये बुडणार.

वह्यांचे फोटो असे चव्हाट्यावर आणल्याचा आणखी एक परिणाम होतो, तो मोजता येत नाही. कुणाचं अक्षर खराब, कुणाची पाच गणितं चुकली, कुणाचा अभ्यास तीन दिवस आलाच नाही, हे सगळ्या वर्गाच्या आईवडिलांना दिसतं. वर्गात बाई वही तपासतात तेव्हा ती गोष्ट मुलाची आणि बाईंची असते. इथे ती ऐंशी मोठ्या माणसांची होते.

एवढं असूनही मी ग्रुप बंद करा असं म्हणणार नाही. 'उद्या पावसामुळे सुट्टी' हे पाच मिनिटांत सगळ्यांना कळवायला यापेक्षा चांगलं साधन आज नाही. निरोपासाठी ते उत्तमच आहे. आपण त्यालाच फळा, वही, तपासणी आणि पालकसभा असं सगळं करायला लावलं, तिथे गाडी अडली.

मिळून काम करण्यासाठी वेगळं साधन लागतं

मिळून शिकणं म्हणजे चार मुलांनी एकच गोष्ट एकत्र घडवणं. त्यासाठी सगळ्यांसमोर एकच प्रत हवी, आणि कुणी काय केलं याची नोंद हवी. चॅटवर हे होत नाही. एक जण फाइल टाकतो, दुसरा दुरुस्त करून परत टाकतो, तिसरा जुन्याच फाइलमध्ये बदल करतो. मग 'प्रकल्प', 'प्रकल्प नवीन', 'प्रकल्प फायनल', 'प्रकल्प फायनल खरंच' अशा चार फाइली फिरत राहतात.

गूगल डॉक्ससारख्या साधनात प्रत एकच असते. मग दोघांनी एकाच वेळी टाइप केलं तर गोंधळ होत नाही का? बघा, हे कसं सुटतं. डॉक्युमेंटमध्ये वाक्य आहे : 'गावात विहिरी आहेत.' एका मुलीने 'विहिरी'च्या आधी 'सात' हा शब्द घातला. त्याच क्षणी दुसऱ्या मुलाने 'आहेत' खोडून 'होत्या' केलं. प्रत्येक बदल सर्व्हरकडे जाताना 'अमुक जागी हे घाला, तमुक जागचं ते काढा' अशा सूचनेच्या रूपात जातो. मुलीच्या शब्दामुळे पुढची सगळी अक्षरं सरकली, हे सर्व्हरला माहीत असतं. म्हणून तो मुलाच्या सूचनेतला जागेचा आकडा तेवढाच पुढे सरकवतो. शेवटी दोघांच्याही पडद्यावर 'गावात सात विहिरी होत्या' हेच दिसतं. तांत्रिक भाषेत याला ऑपरेशनल ट्रान्सफॉर्मेशन म्हणतात.

शिक्षकांसाठी खरी कामाची गोष्ट पुढेच आहे : बदलांचा इतिहास. कुणी कधी काय लिहिलं ते मागे जाऊन बघता येतं. गटकार्यातली जुनी तक्रार तुम्हालाही आठवत असेल, एकीने सगळं केलं आणि मार्क चौघांना सारखे. इतिहास उघडला की कुणाचा हात कुठे लागलाय ते दिसतं. अर्थात, यातून फक्त टायपिंग कळतं. जो मुलगा विहिरी मोजत गावभर फिरला आणि टाइप मात्र मैत्रिणीने केलं, त्याचं काम तिथे दिसणार नाही. म्हणून 'कोणी काय केलं' हे मुलांना तोंडी विचारायलाच हवं.

घरात एकच फोन असेल तर

'सगळं ठीक आहे हो, पण आमच्याकडे फोन एक आणि पोरं तीन,' असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. अशा वेळी वेळापत्रकाला न बांधलेलं साधन उपयोगी पडतं. म्हणजे ठरलेल्या वेळी सगळ्यांनी ऑनलाइन यायची अट नाही. फोन मिळेल तेव्हा उघडायचं, उतरवून घ्यायचं आणि नंतर नेटशिवाय बघायचं.

याचं आपल्या जवळचं उदाहरण म्हणजे पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पुस्तकांत असे कोड वापरले आणि २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ त्यांना मिळाला. केंद्र सरकारचा 'दीक्षा' हा मंच २०१७ मध्ये सुरू झाला, त्याचीही रचना पुस्तकातल्या कोडवर उभी आहे. कोड स्कॅन केला की त्याच धड्याचं साहित्य उघडतं आणि ते डाउनलोड करून ठेवता येतं. इथे पुस्तक मुलाच्या हातात कायम आहे आणि फोन पाच मिनिटांचा पाहुणा आहे. एका फोनच्या घराला हा क्रम परवडतो.

गटकार्यातही हेच करता येतं. चार मुलांच्या गटात एकाच्या घरचा फोन पुरतो. कामं वाटून घ्यायची, लिखाण कागदावर करायचं आणि शेवटी एकत्र बसून ते टाइप करायचं. मावसभावाच्या वर्गात मी हे पाहिलंय. त्याचा एक नियम मला फार आवडला : टाइप करणारा दर वेळी वेगळा, आणि मुलींची पाळी चुकवायची नाही.

मुलांचा डेटा कुणाकडे?

डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. मुख्य बंधनं टप्प्याटप्प्याने, २०२७ पर्यंत लागू होणार आहेत. या कायद्यात १८ वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती मूल आहे. मुलांचा डेटा घ्यायचा तर पालकांची पडताळता येणारी संमती लागते. मुलांच्या वागण्यावर नजर ठेवणं आणि त्यावरून जाहिराती दाखवणं याला मनाई आहे. शैक्षणिक काम आणि मुलांची सुरक्षितता यासाठी शाळांना काही सवलत आहे, पण ती त्या कामापुरतीच.

आता वर्गाचा ग्रुप आठवा. साध्या ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो. हजेरीच्या याद्या, गुणपत्रिका, आधार कार्डाचे फोटो तिथे पडलेले असतात. मेसेज एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड आहेत हे खरं, पण ते कुलूप वाटेवरचं आहे. पोचल्यावर ती यादी ऐंशी फोनांच्या गॅलरीत उघडी पडते. सरकारी मंचही यातून सुटलेले नाहीत. 'दीक्षा'च्या असुरक्षित सर्व्हरमुळे लाखो शिक्षक-विद्यार्थ्यांची माहिती उघडी राहिल्याचं जानेवारी २०२३ मध्ये समोर आलं होतं. त्यामुळे 'अधिकृत आहे म्हणजे सुरक्षित आहे' असंही धरून चालू नका.

मग करायचं काय?

यातलं बहुतेक सगळं फुकट आहे आणि आजच करता येईल :

• वर्गाच्या ग्रुपवर फक्त ॲडमिनला मेसेज टाकता येईल अशी सेटिंग करा. ग्रुपच्या परवानग्यांमध्ये ती मिळते.
• शाळा मोठी असेल तर कम्युनिटी वापरा. तिच्या सूचना-ग्रुपमध्ये इतर सदस्यांना तुमचा नंबर दिसत नाही.
• गृहपाठाचे फोटो ग्रुपवर मागवू नका. वही वर्गातच तपासा. फारच गरज असेल तर फॉर्म किंवा क्लासरूमसारखं साधन वापरा, म्हणजे एकाचं काम दुसऱ्याला दिसणार नाही.
• आधार, जात प्रमाणपत्र, गुणपत्रिका ग्रुपवर कधीही नाही. पालकांनीही टाकू नये आणि शाळेने मागू नये.
• ग्रुपवर आलेला अभ्यास दुसऱ्या दिवशी वर्गात फळ्यावर यायलाच हवा. ज्याला फोन मिळाला नाही त्याचं काही बुडता कामा नये.
• शिक्षकांना रात्री नऊनंतर मेसेज नको. त्यांनाही घर आहे.

व्हॉट्सॲपच्या नियमानुसार नेहमीच्या खात्यासाठी वय किमान १३ लागतं. म्हणजे प्राथमिक वर्गाचा ग्रुप मुळात पालकांचाच ग्रुप आहे, मुलं त्यात नाहीतच. तिथे टाकलेला अभ्यास आपण मुलांना दिला असं समजतो, पण खरं तर तो त्यांच्या आईवडिलांना दिलेला असतो. ज्या घरात संध्याकाळी कुणीतरी मुलाजवळ बसू शकतं, तिथे तो पोचतो. जिथे आई दुसऱ्यांच्या घरी भांडी घासायला गेलेली असते, तिथे तो फोनमध्येच राहतो.

केरळच्या सूचनेतून मी घेतलेला अर्थ एवढाच आहे. नोट्स कुठून पाठवल्या हा प्रश्न दुय्यम आहे. त्या पाठवल्यावर शिकवणं झालं असं शाळेने मानलं की नाही, हे आधी बघायला हवं. पुढच्या पालकसभेत शाळेला एकच साधा प्रश्न विचारा : ज्या मुलाच्या घरी आज फोन नव्हता, त्याला उद्या वर्गात काय मिळणार? याचं उत्तर शाळेकडे तयार असेल, तर ग्रुप खुशाल चालू द्या.