पाकिटावर फातिमा, सुपात तंबाखू

तंबाखू विकणाऱ्याने कुणाचे चित्र छापले म्हणजे त्याचा मान केला, असे समजणारा भाबडा आहे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये सिगारेटच्या पाकिटात एक छोटे रंगीत कार्ड येई. मऊ पाकीट चेपू नये म्हणून आधी नुसता पुठ्ठा घालत. मग त्यावर चित्रे छापून मालिका काढल्या, म्हणजे गिऱ्हाइकाने मालिका पुरी करायला तीच सिगारेट पुन्हा घ्यावी. आज ही कार्डे लिलावात विकली जातात आणि शौकीन लोक त्यांना 'निरागस जुनी कला' म्हणतात.

निरागस? १८८८ मध्ये ॲलन अँड गिंटर कंपनीने अमेरिकेतल्या आदिवासी सरदारांची पन्नास कार्डे काढली. पिसांचे मुकुट, करारी चेहरे. त्यात सिटिंग बुलही होता. तोवर त्याच्या लोकांना राखीव जमिनीच्या तुकड्यांत कोंडून झाले होते. डिसेंबर १८९० मध्ये अटक करायला आलेल्या पोलिसांनी त्याला गोळी घातली आणि दोनच आठवड्यांत वुंडेड नी येथे बायकापोरांसकट कत्तल झाली. ज्याची भीती उरली नाही, त्याचाच चेहरा खिशात ठेवायला बरा वाटतो.

हे दूरचे वाटत असेल तर तानसाला या. हे धरण १८९२ चे, त्या कार्डांनंतर चार वर्षांनी पूर्ण झालेले. पाणी मुंबईला जाते आणि उन्हाळ्यात शहापूरच्या पाड्यांवर बायका हंडे घेऊन टँकरची वाट पाहतात. मुंबईच्या हॉटेलात भिंतीवर वारली चित्र असते. त्यातला आदिवासी तारपा वाजवून नाचत असतो. खरी कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर पोराबाळांसह वीटभट्टीवर निघालेली असतात.

आता आपल्या नावांकडे पाहू. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत 'मक्का', 'हसन', 'फातिमा' या नावांच्या सिगारेटी खपत होत्या. तंबाखू तुर्की, म्हणून नावे 'पूर्वेची'. फातिमाच्या पाकिटावर तोंडावर पडदा घेतलेली बाई, आतल्या कार्डावर बेसबॉलचे संघ. 'हिंदू' नावाचीही सिगारेट होती, म्हणजे व्यापाऱ्याने भेदभाव केला नाही. हे वाचून आपल्यातले कुणी खवळतील. खवळणे रास्तच आहे. पण तिथेच थांबू नका.

कारण असाच एक लढा आपण महाराष्ट्रात पाहिला आहे. संभाजी महाराजांचे नाव विडीला नको, ही मागणी योग्यच होती. २०२० मध्ये पुण्याच्या साबळे वाघिरे कंपनीने नाव बदलत असल्याचे जाहीर केले आणि विडी 'साबळे' झाली. नाव सुटले. सूप सुटले का? सोलापुरात, सिन्नरला आजही बाई मांडीवर सूप घेऊन बसते, पान कापते, तंबाखू भरते, दोरा बांधते. मजुरी हजार विड्यांवर. धूळ तिच्या छातीत जाते आणि शेजारी निजलेल्या लेकराच्याही. त्यांत पद्मशाली आहेत, मुसलमान आहेत, दलित आहेत. विडी कामगारांसाठी २०२५ पर्यंत १९६६ चा कायदा होता. नावासाठी जमलेल्यांतले किती जण त्या कायद्याच्या अंमलबजावणीसाठी रस्त्यावर आले?

२०१६ पासून पाकिटाच्या ८५ टक्के भागावर इशारा आणि रोगाचे चित्र सक्तीचे आहे. चांगलेच झाले. पण तो इशारा ओढणाऱ्यासाठी आहे. वळणारीचे चित्र ना जुन्या कार्डावर होते, ना आजच्या पाकिटावर आहे. ते छापले तर माल कोण घेईल?

तेव्हा नावाच्या अपमानासाठी मोर्चा काढणार असाल तर जरूर काढा. पण फलकावर आणखी तीन मागण्या लिहा: हजारामागे पुरेसा दर, भविष्यनिर्वाह निधी, आणि विडीऐवजी दुसरे काम. फातिमा नावाची बाई फक्त पाकिटावर नव्हती. ती आपल्या मोहल्ल्यातही राहते आणि संध्याकाळी कारखान्यात विड्या मोजून द्यायला जाते.