बॅटरी बदलावी केव्हा?

तुकोगंजात कित्येक दारांपुढे मोटारसायकल उभी असते. तिच्या बॅटरीची आठवण मात्र बटण दाबूनही गाडी मुकी राहिली म्हणजेच होते. (नव्या पुष्कळ गाड्यांना किकही नाही!) शिसे व गंधकाम्ल यांची ही बॅटरी साधारणतः ३ ते ५ वर्षे टिकते, माळव्याचा उन्हाळा तिचे आयुष्य खातो, सुट्टीत महिनाभर उभी राहिलेली गाडीही खाते. म्हणून ३ वर्षे लोटताच ती तपासून घ्यावी. पूर्ण भारित करून रात्रभर ठेवल्यावर १२.४ व्होल्टांखाली उतरली, तर बदलावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. जुनी मात्र भंगारात देऊ नये. उघड्यावर वितळविलेले शिसे लहान मुलांच्या मेंदूस बाधते. २०२२ च्या नियमांनी ती परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. जुनी दिल्यास दुकानदार पुष्कळदा किमतीत सूटही देतो.